गाडीला हात करू नये

बुधवार, २ सप्टेंबर १९९८. शिरूर

आलो एकदाचा! ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि टेंपोत आडवी घातलेली माझी म्हातारी स्कूटर, सगळं सुखरूप पोचलं. कारखाना रांजणगावला, खोली शिरूरला. घरमालकीण गिताबाई स्वभावाने मोकळ्या वाटल्या. आल्याआल्या त्यांनी चहा दिला आणि पाण्याची वेळ, भाजीबाजाराचा वार नि समोरच्या बिऱ्हाडाचं भांडण, सगळं एका दमात सांगून टाकलं.

बढती मिळाली म्हणून भुसावळ सोडलं, नाहीतर कोण सोडतं? वडील मालगाडीचे गार्ड. आमचं क्वार्टर यार्डाला लागून, त्यामुळे इंजिनाच्या शिट्टीशिवाय मला झोप लागत नसे. नोकरी मात्र लागली यंत्राच्या सुट्या भागांची मापं तपासण्याची. इंजिनांचं वेड राहिलं ते राहिलंच. खिशात ही वही असते. पुढून इंजिनांचे नंबर आणि वेळा, मागून रोजनिशी.

आणि नशीब बघा, अख्ख्या शिरूर तालुक्यात रेल्वेचा एक रूळ नाही! जवळात जवळ दौंड, पन्नासेक किलोमीटर. सुट्टी गुरुवारची. म्हणजे उद्याच. सामान उतरवायला आलेल्या कारखान्यातल्या संपतला सांगितलं तर तो पोट धरून हसला. तो इथलाच, कवठे येमाईचा. म्हणाला, "साहेब, लोक सुट्टीला पिच्चर बघत्यात, तुम्ही विंजन बघाया जाता व्हय?" हसू दे बापडा.

अनिता आणि सोनम दिवाळीच्या सुट्टीत येतील. सोनमची सहामाही परीक्षा संपली की. तोवर दौंडच्या आसपासच्या चांगल्या जागा हेरून ठेवायच्या, म्हणजे पोरीला दाखवता येतील. आठ वर्षांची आहे, पण डब्यांच्या आवाजावरून रिकामी मालगाडी ओळखते. माझीच मुलगी.

गुरुवार, ३ सप्टेंबर

आजचा दिवस सोन्याचा. न्हावऱ्यावरून स्कूटर हाकत दहाला दौंडात. पाठीचं खोबरं झालं, पण स्टेशन दिसलं आणि सगळं विसरलो. पुण्याकडून मनमाडला जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथं काढून दुसऱ्या टोकाला लावतात. पादचारी पुलावर उभं राहिलं की हा सगळा खेळ पायाखाली दिसतो. दीड तासात अकरा इंजिनं टिपली. हमालाला वाटलं मी रेल्वेचा कुणी तपासनीस आहे. त्यानं चक्क सलाम केला आणि मीही तो घेतला.

जागा क्रमांक एक: पुलाचा मधला कठडा, सकाळी. जागा दोन: भीमेच्या पुलाजवळचा बांध. पाणी भरपूर, गाडी पुलावर आली की आवाज पोटात घुमतो. मनमाडची लाइन एकेरी आहे आणि तिथे अजून टोकनवर काम चालतं, हे पाहून तर वडील भेटल्यासारखं झालं. चामड्याच्या पिशवीत लोखंडी गोळा, पिशवीला वेताचं मोठं कडं. हा गोळा ज्या ड्रायव्हरकडे, त्यालाच पुढे जायची मुभा. न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून कडं बाहेर धरतो आणि खालचा माणूस ते हात कोपरात वाकवून धावत्या गाडीवरून झेलतो. मी आठ वर्षांचा असताना वडिलांनी मला हे शिकवलं होतं. सोनमला मी शिकवलं, अनिताच्या भरतकामाच्या रिंगवर.

गुरुवार, १० सप्टेंबर

आज नदीपलीकडच्या फाटकावर गेलो. गेटमन हौसराव, साठीला टेकलेला, बोलका. मला रेल्वेचं वेड आहे म्हटल्यावर त्यानं खाट झटकून दिली, आपल्यातली अर्धी भाकरी दिली. घरी बायको, मुलं आणि धाकट्या भावाची बायको साळूबाई. मेंढरं होती पूर्वी, आता थोडी शेती. भाऊ कुठे असतो विचारलं तर म्हणाला, "गेला कामावर, सतरा वर्सं झाली." मी पुढे विचारलं नाही.

एक गंमत दिसली. गाडी आली तशी फाटकाशी थांबलेल्या सगळ्यांनी हात मागे घेतले. सायकलवाल्यानं हँडल सोडून सायकल मांडीला टेकवली. एका बाईनं डोक्यावरचा भारा खाली ठेवला आणि हात पाठीमागे बांधले. पोरंसुद्धा! गाडीला टाटा न करणारी पोरं मी जन्मात पाहिली नव्हती. हौसराव म्हणाला, जुनी पद्धत आहे, अपघात होऊ नये म्हणून. रेल्वेची शिस्त इतकी मुरलेला मुलूख बघून मला कौतुकच वाटलं.

जुनी स्टेशनं कुठे आहेत विचारलं, तर त्यानं बोरमाळचं नाव घेतलं. रुळाच्या कडेकडेनं तीन किलोमीटर. पंचवीसेक वर्षांपूर्वी बंद झालेलं. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता त्यानं सांगितलं की सव्वादोनला कधीमधी कोळशाचं इंजिन जातं तिथून. दिसलं तर नशीब. फलाटाच्या अगदी टोकाला उभं राहायचं.

कोळशाचं! अठ्ठ्याण्णव साली! एखादी खास गाडी काढत असतील का? पुढच्या गुरुवारपर्यंत दम निघायचा नाही.

गुरुवार, १७ सप्टेंबर

बोरमाळ. पहिल्या नंबरची जागा, बाकी सगळ्या खाली. काळ्या दगडाची दोन खोल्यांची इमारत, छप्पर गेलेलं, तिकिटाची खिडकी शाबूत. पाटीवरची अक्षरं उडालीत, पण बोट फिरवलं तर लागतात. फलाटाला बाभळींनी घेरलंय, टोकाची दहा पावलं मात्र लख्ख मोकळी, रोज कुणी झाडत असावं तशी. तिथून वळण पुरं दिसतं.

कोळशाचं इंजिन आलं नाही. शेळ्या चारणारी सिंधूबाई नावाची म्हातारी मला बघून जवळ आली, कुणी पाठवलं म्हणून विचारलं. हौसरावांनी, म्हटल्यावर ती थुंकली आणि शेळ्या वळवून निघून गेली. गावकीचं भांडण असेल. आपल्याला काय करायचंय?

शुक्रवार, १८ सप्टेंबर

सोनमला पत्र टाकलं. बोरमाळचा नकाशा काढला: फाटक, रूळ, इमारत, फलाट आणि टोकाला लाल पेन्सिलीनं फुली. लिहिलं की इथं उभं राहून गाडीला हात करायचा, बाबा शेजारी असतील.

गुरुवार, २४ सप्टेंबर



आलं ते! दोन वाजून पंधरा मिनिटांनी वळणावर धूर दिसला. काळं, भलंमोठं, खरोखरचं कोळशाचं इंजिन. मागे डबे किती होते? मी मोजले नाहीत. मी, आणि डबे मोजले नाहीत! खिडकीतून एक हात बाहेर आला होता, मनगटात चांदीचं कडं, आणि हातात टोकन. मागून सिंधूबाई ओरडली, "हात मागं घ्या, अवं हात मागं!" मला वाटलं, रुळाजवळ गेलो म्हणून रागावतेय. वडील म्हणायचे, टोकन पुढे आलं की हात आपोआप वाकला पाहिजे. तसाच वाकला. वेताचं कडं कोपरात बसलं, दंडाला झणका लागला आणि गाडी गेली.

नंतर वहीत बघतो तर इंजिनाचा नंबर लिहायची जागा कोरी. नंबर होता का? आठवत नाही. गाडी गेल्यावर रूळ हाताला गार लागले.

टोकन घेऊन थेट दौंड गाठलं. तिथल्या साहेबांना वाटलं मी चोरून आणलंय. त्यांनी फोन केले, सगळ्या स्टेशनांवरचे गोळे मोजून घेतले. एकही कमी नव्हता. मग त्यांनी पिशवीतून गोळा काढला, त्यावरचं बोरमाळ हे नाव वाचलं आणि रुमालानं धरून टेबलावर ठेवला. बोरमाळचं टोकनचं यंत्र भंगारात गेलं त्यालाही वीस वर्षं झाली म्हणाले. टोकन तिथेच ठेवून मी निघालो.

आत्ता शर्ट काढून खुंटीला लावायला गेलो. खुंटीवर ते कडं आहे, पिशवीसकट. गोळा कोमट लागतोय.

रविवार, २७ सप्टेंबर

कारखान्यात संपतनं विचारलं, दुपारी कुठे होतात? मी म्हटलं, इथेच, टेबलाशी. तो म्हणाला सव्वादोन ते पावणेतीन खुर्ची रिकामी होती. मी हसण्यावारी नेलं. मग हात धुवायला गेलो तर पाणी काळं झालं. नखांत कोळसा. डाव्या बाहीला ठिणगीनं पडतात तशी तीन भोकं.

सव्वादोन ते पावणेतीन मी काय करत होतो? मला एवढंच आठवतं की उकडत होतं.

मंगळवार, २९ सप्टेंबर

रजा टाकून दौंडला गेलो, भीमेच्या पुलाजवळून टोकन पाण्यात भिरकावलं. बुडालं, डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर सव्वादोन वाजले.

या वेळी सगळं आठवतंय. मी इंजिनात होतो. एकटाच. ड्रायव्हर नाही, फायरमन नाही, भट्टी मात्र पेटलेली. टोकन माझ्या हातात आणि हात खिडकीबाहेर. आत घ्यायला गेलो तर येईना. दुसऱ्या हातानं ओढलं, पाय लावून ओढलं. फाटक गेलं, बोरमाळ गेलं. फलाटावर कुणी नव्हतं. मग मी पुन्हा बांधावर, स्कूटरशेजारी, चार वाजले होते. कडं हँडलला अडकवलेलं.

भीती वाटतेय. लिहून टाकलं, म्हणजे निदान ती कागदावर तरी राहील.

गुरुवार, १ ऑक्टोबर. दसरा

हौसरावच्या घरी गेलो. दाराला तोरण. खाटेवर अठ्ठावीसेक वर्षांचा माणूस जेवत बसला होता, भाकरीमागून भाकरी. मनगटात चांदीचं कडं. तोच हात.

सर्जेराव. हौसरावचा भाऊ. एक्क्याऐंशी साली मेंढरं चारताना गाडीतल्या कुणाला तरी हात केला त्यानं आणि टोकन त्याच्या हातात आलं. तो गेला त्याच वयाचा परत आलाय, गेल्या गुरुवारी दुपारी, चालत. साळूबाई पंचेचाळीस वर्षांची. हिरवा चुडा भरलाय, पण नवऱ्यापासून चार हात लांब, भिंतीला टेकून बसली होती. परका माणूस ओटीवर आला की बसतात तशी.

हौसरावनं माझे पाय धरले. म्हणाला, सतरा वर्षं फाटकावरून भावाचा हात बघत होतो. घ्यायची हिंमत झाली नाही, माझी पोरं लहान होती. आणि इथला कुणी हात पुढे करणार नाही. मग तुम्ही आलात, वही घेऊन, जागा शोधत. "तुम्ही परगावचं मानूस. मला माझा भाऊ पायजे हुता साहेब. दुसरं काय बी मनात न्हवतं." त्याची भाकरी खाल्ली होती मी!

सुटका कशी, विचारलं. एकाच्या हातून दुसऱ्यानं घेतलं तरच. सर्जेराव एकदाच बोलला, घास थांबवून: "हात आत घिऊ म्हटलं तरी यीत न्हाई. लई वर्सं वढला म्या. मग वढायचं सोडलं. मग कुणी तरी घ्यावं, यवढंच ऱ्हातं डोक्यात. कुणी बी." तेवढ्यात सव्वादोन झाले. पुढे त्यांच्या घरात नव्हतो मी.

शनिवार, ३ ऑक्टोबर

एसटीडीवरून अनिताला फोन केला. दिवाळीला येऊ नका म्हटलं. कारण काय सांगणार? कामाचं सांगितलं. ती म्हणाली, सोनमनं नकाशा भिंतीला चिकटवलाय, रोज रिंग घेऊन सराव करते. मी ओरडलो, ती रिंग मोडून टाक. चुकलंच. तिला वाटलं मी आजारी आहे, काहीतरी लपवतोय. म्हणाली, परीक्षा संपली की त्याच दिवशी निघते.

मी पुन्हा फोन लावला. घंटा वाजत राहिली.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

आता दोनपासून अंधार पडेपर्यंत तिकडेच. कारखान्यानं घरी बसायला सांगितलंय. गिताबाईंनी देवीचा अंगारा लावला, बऱ्या मनाच्या आहेत. शिरूरच्या खोलीतही इंजिन उभं असल्याचा आवाज येतो, सुस्कारे टाकत. पन्नास किलोमीटरमध्ये रूळ नाही इथं.

संपत भेटायला आला. गुरुवारी बोरमाळला येतोस का, मी विचारलं. कोळशाचं इंजिन दाखवतो म्हटलं. फलाटाच्या अगदी टोकाला उभं राहा म्हटलं. हौसरावचेच शब्द, जसेच्या तसे. संपत हो म्हणाला, साहेबांचं मन रमेल तेवढंच. त्याला दोन लहान मुलगे आहेत, हे मला माहीत आहे. तरी विचारलं.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

संपत आला होता. फुलीवर उभा होता. शेंगा खात. मी खिडकीतून कडं पुढे केलं, जेवढं पुढे जाईल तेवढं. ओरडलो, घे, संपत, घे. त्याला दिसत होतं. डोळे पांढरे झाले त्याचे. शेंगा टाकल्या आणि हात मागे—

या मुलखातला आहे तो. विसरलो होतो मी.

त्यानं हात पुढे केला असता तर मी आज घरी असतो. लाज वाटायला हवी. वाटत नाही.

शनिवार असावा

परत आलो नाही. अंधार पडत नाही आता. संपलं की वळणावर पुन्हा धूर, पुन्हा सव्वादोन. भट्टीत कोळसा कुणी टाकत नाही, तरी कमी होत नाही. भूक लागते, पण तशीच राहते. वही खिशात होती म्हणून. डाव्या हातानं लिहितोय.

फाटकावर हौसराव रोज उभा असतो. हात मागे. मान खाली.

तारीख नाही

फाटकावर अनिता. निळी साडी. हौसरावशी बोलत होती, हातात नकाशा. सोनम तिच्या शेजारी. मला दिसल्या, त्यांना मी— सोनमनं वर पाहिलं. तिनं पाहिलं.

पान फाडलं. लिहिलं, हात पुढे करायचा नाही, बोरमाळला जायचं नाही, भुसावळला परत जा. कोळशाला गुंडाळून फेकलं. हौसरावनं उचललं, वाचलं. घडी करून टोपीत ठेवलं. सांगेल. त्यालाही मुलं आहेत. सांगेल नक्की—

सर्जेराव त्याच्या मागे उभा होता. त्यानं मान हलवली. नाही म्हणून.

सव्वादोन

काल कुणी नव्हतं फलाटावर. गेल्या असतील. गेल्याच असतील देवा.

सव्वादोन

वळण. फलाट. इमारतीपाशी अनिता, सिंधूबाईशी बोलतेय, पाठ इकडे. सिंधूबाई हातवारे करून— अनिता, मागे वळ.

फुलीवर सोनम. एकटी.

नवा फ्रॉक. मला हसतेय. हात बरोबर काढलाय, कोपरात वाकवून, मी शिकवला तसा. जराही चुकलेला नाही.

ओढतोय. दोन्ही पाय लावून ओढतोय. येत नाही— आणि खरं लिहितो, शेवटचं खरं, पुरा ओढत नाहीये मी, आत कुठेतरी कुणीतरी म्हणतंय, घे सोनम, घे बाळ— नाही. नाही. हात मागे, सोनम, हात मा